पाळीव बदकाच्या तळव्याला सूज आणि काळी खपली : घरी काय करावे, काय टाळावे?

खाडीकाठ_कोलशेत
११ जुलै, रात्री ९.२०

नमस्कार. ठाण्यात कोलशेत गावठाणात आमचे बैठे घर आहे आणि मागच्या अंगणात पेकिन जातीची तीन पांढरी बदके आहेत. त्यांतली थोरली मादी, शुभ्रा, गेल्या आठवड्यापासून उजवा पाय टेकवताना अडखळते. ओल्या जमिनीवर पाय मुरगळला असावा असे आधी वाटले, परंतु काल तिला टॉवेलात धरून पाय उलटा करून पाहिला तेव्हा तळव्याच्या मधल्या गादीवर मसुराएवढी, घट्ट बसलेली काळी खपली दिसली. खपलीभोवतीचा भाग फुगलेला आणि तुकतुकीत असून डाव्या पायाच्या मानाने स्पष्टपणे गरम लागतो. तिथे बोट लावताच ती पाय आखडून घेते. बोटे आणि बोटांमधला पडदा ठीक दिसतो. खाणे चालू आहे, मात्र पूर्वी ती इतर दोघींच्या पुढे धावायची, आता बहुतेक वेळ बसून असते.

अंगण अर्धे कोब्याचे आणि अर्धे पेव्हर ब्लॉकचे आहे आणि पावसाळ्यात ते सतत ओले राहते. सकाळी अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे लेयर खाद्य आणि संध्याकाळी उरलेला भात किंवा पोळी असा आहार आहे. जवळच्या दोन दवाखान्यांत विचारले, पण तिथे फक्त कुत्री आणि मांजरे पाहतात. बदकांचा अनुभव असलेल्या सभासदांनी कृपया सांगावे की घरी कोणते उपचार सुरक्षितपणे करता येतील आणि डॉक्टर शोधण्याची घाई किती करावी.

मोगरा_नेरूळ
११ जुलै, रात्री ९.५५

दोन्ही तळव्यांचे फोटो दिवसाच्या उजेडात काढून ठेवा आणि रोज त्याच अंतरावरून काढत जा. सूज उतरते आहे की पसरते आहे हे नुसत्या आठवणीवरून ठरवता येत नाही, आणि डॉक्टरांनाही या फोटोंचा फार उपयोग होतो. नडगी आणि घोट्याचा सांधाही चाचपून पाहा. सूज वर चढली असेल तर थांबू नका.

निवृत्त_पशुवैद्य
११ जुलै, रात्री ११.१०

मी पशुधन विकास अधिकारी म्हणून काम केले असून आता पनवेलला असतो. पक्षी प्रत्यक्ष न पाहता निदान करणे योग्य नाही, तरीही एकाच पायाची सूज, उष्णता आणि गादीवरची काळी खपली ही तिन्ही लक्षणे एकत्र असतील तर पहिला विचार तळव्याच्या जंतुबाधेचा करावा लागतो. आमच्या व्यवसायात या आजाराला बंबलफूट म्हणतात. कोंबड्या, बदके आणि पाळलेले ससाणे यांच्यात तो नेहमी आढळतो.

तो कसा होतो हे समजले की उपचाराची दिशा आपोआप कळते. कडक किंवा खरबरीत जमिनीवर शरीराचा भार सतत एकाच जागी पडत राहिला की गादीची कातडी घासली जाते, ओल्या घाणीत ती मऊ पडते आणि एखाद्या बारीकशा चिरेतून जंतू आत शिरतात. बहुतेक वेळा हा जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतो, आणि तो एरवीही कातडीवर असतोच. पेकिन हे मांसासाठी वाढवलेले जड वाण आहे. त्याचे वजन साडेतीन ते चार किलो किंवा त्याहूनही जास्त भरते, तर अंड्यांसाठी पाळले जाणारे खाकी कॅम्पबेल दोन किलोंच्या आसपास असते. त्यामुळे एकाच अंगणात पेकिनचे पाय आधी बिघडतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ होऊन वाहत नाही. पू विरघळवणारी काही विकरे (एन्झाइम) त्यांच्या पांढऱ्या पेशींत कमी पडतात, म्हणून तो घट्ट, पिवळसर आणि चुरा होणाऱ्या गोळ्याच्या रूपात आत बसून राहतो. त्यामुळे पाय दाबून पू काढण्याचा प्रयत्न केला तर तो बाहेर येत नाही, उलट स्नायुबंधांच्या आवरणातून आणखी वर सरकतो. कृपया दाबू नका आणि खपली नखाने उचकटू नका.

आज रात्रीपासून आपण पुढील गोष्टी करू शकता. एक लिटर कोमट पाण्यात एक ते दोन मोठे चमचे एप्सम मीठ, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारे मॅग्नेशियम सल्फेट, विरघळवून तिचा पाय दहा ते पंधरा मिनिटे त्यात बुडवून ठेवावा. पाण्याची ऊब आपल्या कोपराला सुखद वाटेल एवढीच असावी. ते पाणी तिला पिऊ देऊ नये, कारण त्याने जुलाब होतात. नंतर साध्या स्वच्छ पाण्याने पाय धुऊन बोटांच्या मधल्या जागेसह मऊ कापडाने पूर्ण कोरडा करावा. मग फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन गादीवर लावावे. हे दिवसातून एकदा, त्रास फार असेल तर दोनदा करावे. हायड्रोजन पेरॉक्साइड पुन्हापुन्हा वापरू नये, कारण त्याने जंतूंबरोबर भरून येणारी नवी कातडीही जळते. हे सारे करताना हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत, कारण हा जंतू माणसाच्या जखमेतही वाढतो.

सूज फक्त गादीपुरती असेल आणि या उपायांनी तीन-चार दिवसांत उष्णता व लंगडणे कमी होऊ लागले, तर घरची शुश्रूषा पुढे चालू ठेवता येते. परंतु बोटे किंवा घोटा सुजला, पाय टेकवणेच बंद झाले, खाणे सुटले, विष्ठा गडद हिरवी होऊ लागली किंवा खपलीखाली कठीण गाठ जाणवली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. जंतू हाडापर्यंत पोहोचले की बरे होणे फार अवघड असते.

घणसोली_गाव
१२ जुलै, सकाळी ७.०५

डॉक्टरसाहेबांचा मान राखून सांगतो. आमच्या घरात तीन पिढ्या बदके आणि कोंबड्या आहेत. माझी आजी दाढीचे पाते उकळत्या पाण्यात घालून त्याने खपली उचलायची, आतला खडा काढायची, हळद आणि खोबरेल तेल भरायची आणि वर जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. बरेच पक्षी त्याने बरे झाले आहेत. काही दगावले हेही खरे आहे, पण दगावणारे पक्षी दवाखान्यातही दगावतात. दीडशे-दोनशे रुपयांच्या बदकासाठी रिक्षा, तपासणी आणि औषधे यांवर हजार-दीड हजार घालवणे प्रत्येकाला परवडत नाही, आणि जो ते घालवू शकत नाही त्याने पक्ष्याला तसेच कुढत ठेवावे का?

निवृत्त_पशुवैद्य
१२ जुलै, सकाळी १०.३०

@घणसोली_गाव, आपला शेवटचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे उत्तर टाळता येणार नाही. आपल्या आजींनी केले ते तत्त्वतः चुकीचे नव्हते. आतला घट्ट गोळा काढावाच लागतो आणि आम्हीही तेच करतो. फरक वेदनेचा आणि खोलीचा आहे. गादीच्या अगदी जवळून रक्तवाहिन्या आणि बोटे वाकवणारे स्नायुबंध जातात. भूल न देता, धडपडणाऱ्या पक्ष्याच्या पायात पाते घालताना ते किती खोल गेले हे अनुभवी हातालाही कळत नाही. स्नायुबंध कापला गेला तर ते बोट पुन्हा वाकत नाही. शिवाय शिकार होणारा प्राणी वेदना लपवतो. तो गप्प राहतो याचा अर्थ त्याला दुखत नाही असा होत नाही.

हळदीबद्दल सांगायचे तर तिच्यात जंतुरोधक गुण आहेत हे मला मान्य आहे. मात्र तेलात कालवलेली हळद उघड्या जखमेवर थापली की खालची कातडी लाल झाली आहे का, पांढरी पडली आहे का, हे दिसेनासे होते आणि तेल पिसांना लागते. बदकाची पिसे पाण्यात भिजत नाहीत ती त्यांच्या रचनेमुळे आणि शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतल्या तेलामुळे. बाहेरचे तेल लागले की ही सोय बिघडते आणि पावसात पक्षी गारठतो. चुना तर अजिबात लावू नये, त्याने कातडी भाजते.

खर्चाबद्दल एवढेच म्हणेन की शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यांत शुल्क नाममात्र असते आणि १९६२ या निःशुल्क क्रमांकावर पशुवैद्यकीय सेवेची चौकशी करता येते. परसातली बदके हे पशुधनच आहे, त्यामुळे तिथे विचारण्यात संकोच बाळगू नये.

ऐरोली_सेक्टर
१२ जुलै, दुपारी १.१५

पट्टी बांधण्याविषयी कोणी लिहिलेले नाही म्हणून लिहिते, कारण पडदा असलेल्या पायाला पट्टी बांधणे कोंबडीच्या पायापेक्षा पुष्कळ कठीण असते आणि आमच्याकडे दोन बदकांच्या बाबतीत मी ते दीर्घकाळ केले आहे.

आधी धरण्याची रीत सांगते. पंख अंगाशी मिटवून टॉवेल गुंडाळावा, बदक मांडीवर घेऊन त्याचे डोके आपल्या काखेकडे वळवावे आणि दुखरा पाय तेवढा बाहेर काढावा. छाती आवळू नये. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचे हाड पुढेमागे हलवूनच ते श्वास घेतात, म्हणून घट्ट मिठीत ते गुदमरू शकतात. पाठीवर उताणे फार वेळ ठेवू नये आणि पंखाला किंवा पायाला धरून उचलू तर नयेच. डोळ्यांवर टॉवेलाची कड आली की बहुतेक बदके शांत होतात.

जखमेवर न चिकटणाऱ्या गॉजची चौकोनी घडी ठेवावी. तिच्यावर स्वतःलाच चिकटणारी लवचीक पट्टी घ्यावी. ती प्राण्यांच्या औषधांच्या दुकानात व्हेटरॅप म्हणून मिळते. तिच्या बोटभर रुंदीच्या लांब फिती कापाव्यात. एक फीत तळव्याखालून घेऊन पुढच्या बोटांच्या मधून वर काढावी आणि नडगीभोवती सैलसर फिरवून परत आणावी. पडदा गोळा होऊन पट्टीखाली दुमडला जात नाही ना, हे प्रत्येक वेढ्याला पाहावे. बोटांची टोके उघडी ठेवावीत आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघावीत. ती गार लागली, फिकट किंवा निळसर झाली अथवा सुजली, तर पट्टी लगेच सोडून सैल बांधावी. साधी चिकटपट्टी थेट कातडीला लावू नये, काढताना कातडी निघते.

पट्टी रोज बदलावी लागते आणि भिजली की लगेच बदलावी लागते, कारण भिजलेली पट्टी नसलेल्या पट्टीपेक्षा वाईट. बदकाला पोहायला मिळाले नाही तर ते कष्टी होते, म्हणून आम्ही पट्टी सोडल्यावर स्वच्छ पाण्याच्या टबात त्याला थोडा वेळ सोडायचो, मग एप्सम मिठाच्या पाण्याचा शेक, मग कोरडे करणे आणि नवी पट्टी, असा क्रम ठेवायचो. पाण्यात पायावरचा भारही जातो, त्यामुळे पोहणे त्याला खरोखरच आराम देते. मात्र साचलेल्या डबक्यात किंवा नाल्याच्या पाण्यात जखम असताना सोडू नये.

खाडीकाठ_कोलशेत
१२ जुलै, दुपारी ३.४०

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आणि आज सकाळी शेक दिला. शुभ्रा टबात निमूटपणे बसली. घरात डोकेदुखीच्या आणि सांधेदुखीच्या गोळ्या आहेत. तिच्या वेदनेसाठी त्यातली एखादी पाव गोळी देता येईल का? मुलाने विचारले म्हणून येथे विचारतो.

औषधपेढी_कळवा
१२ जुलै, दुपारी ३.५२

देऊ नका. कृपया घरातली एकही वेदनाशामक गोळी देऊ नका.

औषधांच्या दुकानात बसत असल्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे वारंवार येतो, म्हणून कारण सविस्तर सांगतो. आपल्याकडच्या पाठदुखीच्या आणि सांधेदुखीच्या पुष्कळ गोळ्यांत डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅक असते. हेच डायक्लोफेनॅक गुरांना दिले जात होते आणि मेलेली गुरे खाऊन भारतातली गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन लाखोंनी मेली. त्यामुळे २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली आणि २०२३ मध्ये ॲसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेन यांच्यावरही जनावरांसाठी बंदी घातली गेली. सगळ्याच पक्ष्यांची संवेदनशीलता सारखी नसली तरी कोंबड्यांमध्येही डायक्लोफेनॅकमुळे मूत्रपिंडाला इजा झाल्याचे आढळले आहे. पक्ष्यांसाठी पशुवैद्य सहसा मेलॉक्सिकॅम निवडतात, परंतु त्याची मात्रा वजनावर ठरते आणि पक्ष्याला पुरेसे पाणी मिळते आहे की नाही हे पाहून ती द्यावी लागते. तेही चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

मलमांबद्दलही दोन शब्द. बधिर करणारे औषध असलेले मलम नको, कारण बदक पाय चोचीने साफ करते आणि ते औषध पोटात जाते. खाजेसाठी घराघरांत असणाऱ्या लोकप्रिय ट्यूबमध्ये बहुधा स्टिरॉइड असते आणि त्याने जंतुबाधा दबल्यासारखी दिसून आत वाढते. उरलेली प्रतिजैविकेही देऊ नयेत. अर्धवट मात्रेने जंतू मरत नाहीत, औषधाला मात्र सरावतात.

तूस_आणि_पेंढा
१२ जुलै, रात्री ८.२५

शेक, आयोडीन आणि पट्टी यांबद्दल उत्तम माहिती आली, पण मूळ लेखातल्या एका ओळीकडे मला सर्वांचे लक्ष वेधायचे आहे. अंगण कोब्याचे आणि पेव्हर ब्लॉकचे आहे आणि ते सतत ओले असते. माझे ठाम मत असे की पाय कितीही निष्ठेने धुतला तरी बदक पुन्हा त्याच जमिनीवर उभे राहणार असेल तर ती जखम भरणार नाही, आणि भरली तरी दुसऱ्या पायाला होईल. उपचारांचा निम्म्याहून अधिक भाग जमिनीचा आहे. दुखरा पाय वाचवताना सगळा भार चांगल्या पायावर पडतो, म्हणून @खाडीकाठ_कोलशेत यांनी डावा तळवाही रोज पाहावा.

पावसाळ्यात आपल्या भागात कोरडी जागा मिळवणे ही खरी अडचण आहे. मी पत्र्याच्या छपराखाली, जमिनीपासून वीतभर उंच असा लाकडी पाट केला आहे. त्यावर गोठ्यात वापरतात ती रबरी चटई आणि चटईवर चार बोटे भाताचे तूस असते. तूस ठाणे जिल्ह्यातल्या भातगिरण्यांतून सहज मिळते, ते पाय टोचत नाही आणि ओले झाले की तेवढाच भाग फावड्याने काढता येतो. पेंढा मऊ असतो, पण जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तो दोन दिवसांत आतून तापतो आणि बुरशी धरतो. ती बुरशी बदकांच्या फुप्फुसांत गेली तर पायाच्या दुखण्यापेक्षा मोठे संकट ओढवते. म्हणून पेंढा वापरायचाच असेल तर रोज बदलावा आणि कुबट वास आलेला गठ्ठा वापरू नये. तारेची जाळी आणि खडी या दोन्ही गोष्टी बदकांच्या पायाखाली असूच नयेत. पाटावर चढण्यासाठी उतरती फळी लावावी, उडी मारून उतरताना जड बदकाच्या तळव्यावर जो आघात होतो तोही जखमेचे एक कारण ठरतो.

पिण्याच्या पाण्याचे भांडे झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवावे. बदकाला नाकपुड्या बुडवता येतील इतके खोल पाणी लागतेच, ते कमी करू नये. मात्र भांडे एका पसरट टबात, वर प्लॅस्टिकची जाळी टाकून ठेवले तर सांडलेले पाणी टबात जमते आणि आजूबाजूला चिखल होत नाही.

मोगरा_नेरूळ
१२ जुलै, रात्री ८.४१

बाल्कनीत घालतात ते कृत्रिम गवत चालेल का?

तूस_आणि_पेंढा
१२ जुलै, रात्री ८.५८

@मोगरा_नेरूळ, ताई, नाही. ते उन्हात तापते, त्याची पाती खरबरीत असतात आणि मुळाशी विष्ठा अडकून राहते. रबरी चटईवर जुन्या सुती चादरीची घडी त्याहून कितीतरी बरी.

शेवगा
१३ जुलै, सकाळी ९.१०

आहाराबद्दल लिहिते. भात आणि पोळी यांनी पोट भरते, वजन वाढते आणि वाढलेले वजन त्याच तळव्यांवर येते. शिवाय त्यांत अ जीवनसत्त्व जवळजवळ नसते आणि ते कमी पडले की कातडी कोरडी, जाड आणि भेगाळ होते. शुभ्राचा संध्याकाळचा भात कमी करून त्याऐवजी बारीक चिरलेला शेवग्याचा पाला, किसलेले गाजर किंवा लाल भोपळा द्यावा. जागा असेल तर पाण्यावर तरंगत वाढणारा अझोला एका टाकीत वाढवता येतो, बदके तो आवडीने खातात.

बदकांना नायसिनची, म्हणजे ब गटातल्या एका जीवनसत्त्वाची, गरज कोंबड्यांपेक्षा जास्त असते. कोंबड्यांच्या खाद्यावर वाढणाऱ्या पिल्लांचे पाय त्यामुळे वाकडे होतात. मोठ्या बदकात हा धोका कमी असला तरी नायसिन असलेल्या ब्रुअर्स यीस्टची चिमूट-दोन चिमूट खाद्यात मिसळली तर हित आहे. लेयर खाद्यात कॅल्शियम भरपूर असते. अंडी देणाऱ्या मादीला ते हवे, पण नराला किंवा अंडी थांबलेल्या मादीला तेच रोज देत राहिल्यास मूत्रपिंडावर ताण येतो. त्यांच्यासाठी साधे खाद्य आणि माद्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात, ही सोय मला अधिक योग्य वाटते.

पाणवठा_खारघर
१३ जुलै, दुपारी १२.२०

प्रत्येक सुजलेला पाय म्हणजे तळव्याची जंतुबाधा नव्हे, हेही येथे नोंदवून ठेवावे, कारण हा धागा पुढे इतर लोकही वाचतील. आमच्या बदकाचा पाय संक्रांतीच्या सुमारास सुजला होता आणि खपली कुठेच दिसत नव्हती. भिंग घेऊन पाहिले तेव्हा नडगीभोवती मांजाचा एक वेढा कातडीत रुतलेला सापडला. त्याच्यावर सूज चढल्यामुळे तो नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हता. डॉक्टरांनी तो कापून काढला तेव्हा पाय वाचला.

दोन्ही पायांचे सांधे सुजून त्यांत पांढरट गाठी दिसल्या तर गाउटचा, म्हणजे युरिक आम्ल साठण्याचा विचार करावा लागतो. मादी एकाएकी लंगडू लागली आणि तळवा स्वच्छ असेल, तर कधी कधी दोष पायात नसून पोटात असतो. अडकलेले अंडे किंवा वाढलेली गाठ पायाकडे जाणाऱ्या नसेवर दाब देते. अशा वेळी मिठाच्या पाण्यात पाय बुडवत बसण्यात मोलाचा वेळ जातो.

बदके एरवीही एका पायावर उभी राहून विसावा घेतात, त्यामुळे नवे पाळणारे घाबरतात. निरोगी बदक पाय आलटून पालटून उचलते आणि हाक मारली की दोन्ही पायांनी सरळ चालत येते. दुखणारे बदक प्रत्येक वेळी तोच पाय वर घेते.

वाघबीळ_इमारत
१३ जुलै, सायंकाळी ५.३०

माझ्या शेजाऱ्यांकडेही बदके आहेत. सुजलेला पाय हे बर्ड फ्लूचे लक्षण असू शकते का? आमच्या इमारतीत लहान मुले आहेत म्हणून विचारले.

निवृत्त_पशुवैद्य
१३ जुलै, सायंकाळी ६.१५

@वाघबीळ_इमारत, आपली काळजी रास्त आहे. महाराष्ट्रात २००६ मध्ये नवापूरला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीला बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव झाला होता. परंतु एका बदकाच्या एकाच तळव्यावर खपली येणे आणि बाकीचे पक्षी ठणठणीत असणे हे त्या रोगाचे चित्र नाही. अनेक पक्षी एकदम मरणे, डोके-मान सुजणे, तुरा निळा पडणे, मान वाकडी होणे, पायांवर रक्ताचे लाल डाग उमटणे अशी लक्षणे दिसली तर मृत पक्ष्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवावे. बदकांच्या बाबतीत एक सावधगिरी लागते. काही वेळा ती स्वतः आजारी न दिसताही विषाणू बाळगतात, म्हणून रानपाखरे उतरतात अशा पाणथळ जागी पाळीव बदके सोडू नयेत.

खाडीकाठ_कोलशेत
१७ जुलै, रात्री १०.०५

सर्वांना कळवतो. शेकाने उष्णता थोडी उतरली, पण खपलीखाली गाठ लागू लागली, म्हणून निवृत्त पशुवैद्यांनी सांगितल्याप्रमाणे न थांबता शुभ्राला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलमध्ये नेले. भाजीच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये टॉवेल अंथरून, वरून जाळी बांधून सकाळी लवकर निघालो, उन्हाचा किंवा गर्दीचा त्रास झाला नाही. क्ष-किरण तपासणीत हाड स्वच्छ निघाले. भूल देऊन खपली काढली आणि आतून वाटाण्याएवढा पिवळसर, घट्ट गोळा निघाला. त्याचा नमुना कोणते प्रतिजैविक लागू पडेल हे पाहण्यासाठी ठेवून घेतला. जखम टाक्यांनी बंद केलेली नाही, ती आतून भरत येऊ द्यायची आहे. वेदनेचे औषध आणि प्रतिजैविक वजन करून लिहून दिले. भरून यायला काही आठवडे लागतील असे सांगितले.

पट्टी ऐरोलीच्या ताईंनी लिहिल्याप्रमाणे फितींनी बांधतो आहे आणि ती टिकते. मागच्या पडवीत रबरी चटई आणि तूस घातले आहे. डाव्या तळव्याची गादीही लालसर दिसली, ती डॉक्टरांना दाखवली. तिथे खपली नाही, त्यामुळे जमीन बदलणे हाच तिच्यावरचा उपाय आहे असे ते म्हणाले.

घणसोली_गाव
१८ जुलै, सकाळी ६.५०

बरे झाले नेलेत. गोळा निघाल्याशिवाय पाय बरा होत नाही हे मी म्हणत होतो, तो भूल देऊन निघाला हे अधिक चांगले. तरी माझे एक म्हणणे कायम आहे. कोलशेतहून परळ गाठणे तुम्हाला जमले, पण खाडीपट्ट्यातल्या ज्या बाया अंडी विकून घर चालवतात त्यांना एक दिवस मोडून परळला जाता येत नाही. बदक आणि कोंबडी पाहणारा डॉक्टर ठाण्यात आणि नव्या मुंबईत जवळ मिळायला हवा. तोवर शेक, सुकी जागा आणि तूस एवढे तरी प्रत्येकाने वेळेत करावे. खपली लहान असतानाच तळवे पाहिले तर पात्याची वेळच येत नाही. मी रविवारी आमच्या सगळ्या पक्ष्यांचे पाय पाहणार आहे.

निवृत्त_पशुवैद्य
१८ जुलै, सकाळी ९.२५

आपल्या म्हणण्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. रविवारी पाहताना प्रत्येक पक्ष्यानंतर हात धुवावेत. लालसर किंवा चकचकीत झालेली गादी दिसली की त्या पक्ष्याला लगेच तुसावर हलवावे. या टप्प्यावर औषधाची गरज सहसा पडत नाही.

मोगरा_नेरूळ
१८ जुलै, दुपारी २.००

औषध चालू असताना शुभ्राची अंडी घरात खाल्ली तर चालतील का? उकडल्यावर औषधाचा अंश निघून जात असेल ना?

औषधपेढी_कळवा
१८ जुलै, दुपारी २.३०

चालणार नाहीत. बहुतेक प्रतिजैविके उकडल्याने पूर्णपणे नष्ट होत नाहीत आणि काहींचा अंश औषध बंद केल्यावरही पुष्कळ दिवस अंड्यात उतरत राहतो, कारण बलक अंडे घालण्याच्या कितीतरी दिवस आधीपासून तयार होत असतो. नेमकी मुदत औषधागणिक वेगळी असते, म्हणून ती डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्यावी. तोपर्यंतची अंडी विकू नयेत, शेजाऱ्यांना देऊ नयेत आणि इतर पक्ष्यांना किंवा कुत्र्यांनाही घालू नयेत.

खाडीकाठ_कोलशेत
१८ जुलै, रात्री ९.१५

चिठ्ठीवर मुदत लिहिलेली नव्हती, आज फोन करून विचारली आणि कॅलेंडरवर खूण केली. इतर दोघींच्या अंड्यांत गोंधळ होऊ नये म्हणून शुभ्राला रात्री वेगळ्या खणात ठेवतो. तिची अंडी फोडून बागेच्या कोपऱ्यात खोल पुरतो आहे.